मीठ टाकायच्या आधीची वाटी

"काल काय खाल्लं?" एवढाच प्रश्न विचारायचं काम मला मिळालं आहे, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "अना लोक सांगते?" आमच्याकडे 'आणि'ला 'अना' म्हणतात.

"सांगतात," मी म्हटलं.

"मंग याच्यासाठी कॉलेज कायले लागते?" आईनं चुलीजवळून विचारलं.

या अंकासाठी कामाबद्दल लिही असं सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा आईचाच प्रश्न आठवला. जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेली माणसं अशा अंकांत लिहितात. त्यांच्या पंगतीत बसायला मला संकोच वाटतो, कारण माझं शिक्षणच अजून सुरू आहे. गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. गृहविज्ञान शिकते, आणि शिकता शिकता गेले काही हंगाम जिल्ह्यातल्या गावांमध्ये आहाराच्या पाहणीचं काम करते. अनुभव थोडा आहे. पण जो आहे तो सांगावासा वाटतो.

आमचं काम असं असतं. मोठी माणसं रोज खरोखर काय खातात ते लिहून घ्यायचं आणि राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत जे सांगितलं आहे त्याच्याशी ते ताडून पाहायचं. मार्गदर्शिकेत एका ताटाचं चित्र आहे. त्यात अर्धं ताट भाज्या आणि फळांनी भरलेलं. उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळ, दूध, अंडी किंवा मासे, थोडे दाणे, थोडं तेल. मीठ माणशी दिवसाला चहाचा एक चमचा, तोही सपाट. आमच्या भागात हे चित्र दाखवलं की लोक आधी भात शोधतात. सापडला की म्हणतात, "एवढासाच?"

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर मिळवायचं तंत्र असतं. माणसाला काल काय खाल्लं ते खरोखरच आठवत नाही. म्हणून उठल्यापासून सुरुवात करायची. तोंड धुतल्यावर काय, शेतात जाताना काय, कुणाच्या घरी बसलात तर तिथं काय. मग परत मागं जाऊन विसरलेलं उकरायचं: चहा, बिस्किट, वाटेत तोडलेली बोरं. बोरं, चार म्हणजे चारोळीची फळं, शिंगाडे हे आमच्याकडे कुणी 'खाल्लं' म्हणून सांगत नाही. भाताशिवाय जे पोटात जातं ते खाणं नसतंच. मग किती खाल्लं ते विचारायचं. त्यासाठी घरातलीच वाटी मागायची, तिच्यात पाणी भरायचं आणि ते पाणी आपल्या मापाच्या पेल्यात ओतून पाहायचं. आणि हे सगळं करताना चेहरा कोरा ठेवायचा. वा म्हणायचं नाही, अरेरे म्हणायचं नाही. चेहऱ्यावर काही दिसलं की पुढचं उत्तर आपल्याला आवडेल असं येतं.

हे सगळं मला उके मॅडमनी शिकवलं. त्या आमच्या पर्यवेक्षक. स्वभावानं कडक, पण माझा डबा रोज उघडून पाहणाऱ्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आपण ताट पाहायला जातो, वाढायला नाही."

माणसं कशी उत्तरं देतात ते पाहायला मला फार आवडतं. सडक अर्जुनीच्या एका धाब्यावर एक ट्रकचालक भेटले. काल काय खाल्लं विचारलं तर म्हणाले, "राजनांदगाव में चाय, देवरी में पराठा, साकोली में फिर चाय." त्यांना पदार्थ आठवत नव्हते, गावं आठवत होती. मी गावांच्या क्रमानं त्यांचं जेवण लिहून घेतलं. शेवटी ते खुश होऊन म्हणाले, "मैडम, आपने तो मेरा पूरा रूट लिख डाला."

गोरेगावात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी उत्तर पाठ केल्यासारखं दिलं. सकाळी मोड आलेलं कडधान्य, दुपारी ज्वारीची भाकर, पालेभाजी, ताक, रात्री हलका आहार. मी आदरानं लिहीत होते. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "मंग काल दोन खेपा आलूचे भजे कोनं खाल्ले? माह्या भावानं?" गुरुजी गडबडले. म्हणाले, "ते अपवादात्मक होतं." काकू म्हणाल्या, "तुमचा अपवाद रोज येते जी."

पण मला सांगायचं आहे ते सालेकसा तालुक्यातल्या एका टोलीबद्दल. टोली म्हणजे मुख्य गावापासून थोडी दूर असलेली लहानशी वस्ती. धान कापून झालं होतं, पूस म्हणजे पौष महिना होता. मी गोंदियाहून सकाळच्या गाडीनं सालेकशाला उतरायची आणि पुढं मॅडमच्या स्कूटीवर. टोलीच्या एका बाजूला बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला जंगल. बहुतेक घरं शेतीची आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोहफुलांची.

पहिल्या दिवशी आम्हाला खूप सुंदर आकडे मिळाले. प्रत्येक घरी अंडी, दोन घरी कोंबडी, एका घरी खीर. मॅडमनी कागद चाळले आणि विचारलं, "काल या टोलीत लग्न होतं काय?" लग्न नव्हतं. खाण्याबद्दल विचारायला म्याडम येणार, हे आदल्या दिवशी कळवलं होतं. पाहुणी आपलं जेवण पाहायला येते म्हटल्यावर तिला रोजचं जेवण दाखवायचं, यात त्यांना कमीपणा वाटला. माझ्या आईनंही हेच केलं असतं. मग आम्ही ठरवलं की न सांगता जायचं, रोज जायचं, सगळ्यांना आमचा कंटाळा येईपर्यंत जायचं.

कंटाळा आल्यावर खरी ताटं दिसू लागली, आणि मी गोंधळले.

पारबताबाईंच्या चुलीवर त्या दिवशी फक्त वांग्याची भाजी होती. मी स्वतः पाहिली होती. पण त्यांच्या ताटात वांगं, वालाच्या शेंगा, कोचईचे म्हणजे अळूचे कंद आणि थोडी मासोळी. मी दोनदा तपासलं. शेवटी विचारलं, "बाई, चुलीवर एक भाजी आणि ताटात चार कशा?"

पारबताबाई पन्नाशीच्या, आवाज बांधीपलीकडे जाईल असा. त्या हसू लागल्या. "तू कॉलेजात शिकतं न वो? आमच्या टोलीत वाट्या चालतेत."

आपल्या घरी भाजी झाली की एक-दोन वाट्या शेजारी जातात. शेजारची वाटी रिकामी परत येत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काहीतरी घालून येते. घरात काही नसेल तर दोन भेदरे, मूठभर पाला, पण रिकामी नाही. भेदरे म्हणजे आमच्याकडचे गावठी टमाटर. ही पद्धत मला नवी नव्हती. आमच्याही घरी वाट्या जातात-येतात. पण ती आहारातली गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मार्गदर्शिका म्हणते, एकाच प्रकारचं खाऊ नका, वेगवेगळं खा. एका घराला रोज चार भाज्या करणं जमत नाही. या टोलीनं ते न ठरवता जमवलं होतं.

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. पण भातच किती आहे ते पाहिलंस? डाळ किती कमी? आणि मीठ?" त्यांचं बरोबर होतं. भात चित्रापेक्षा कितीतरी जास्त, दूध जवळपास नाही, मीठ भरपूर. वाट्यांमुळे भाजी मात्र वाचली होती.

मीठ नियमात असलेलं टोलीत एकच घर निघालं. दुरपतामायचं.

दुरपतामाय शेवटच्या घरात एकट्या राहत. नवरा वारलेला, मुलगा नागपूरला कंपनीत, मुलगी देवरीला दिलेली. घरात गरिबी नव्हती. जमीन अधीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलेली, कोठीत धान भरलेलं, मागे वाडीत वांगी आणि भेदरे. पण त्या हापशीवरून पाण्याचा एक गुंड, म्हणजे हंडा, आणताना मधे चिंचेखाली बसत. पहिल्यांदा मला वाटलं, सावलीसाठी बसल्या. पूस महिन्यात कोण सावलीसाठी बसतं?

"माय, काल उठल्यावर पहिलं काय घेतलं?"

"च्या. बिना दुधाचा."

"मग?"

"भात."

"कशासोबत?"

"डारीचं पानी होतं."

"दुपारी?"

"तोच भात. तेच पानी."

"आणि रात्री?"

त्या हसल्या. "आता तूच सांग न."

मी चेहरा कोरा ठेवला. वाडीत वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली होती. मी विचारलं, "वांगी आहेत की माय. भाजी नाही करत?"

"एका जीवासाठी कायले भाजी टाकू? एका जनाची भाजी होते का?"

हे मला पटलं. एका माणसाची भाजी कढईच्या तळाला लागते. भाजी करायची ती चार ठिकाणी जाईल या हिशोबानं करायची. आणि त्यांच्या घरून वाटी जात नव्हती, म्हणून भाजी होत नव्हती, आणि म्हणून येतही नव्हती. फळीवर त्यांच्या दोन वाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. तिसरी, जरा मोठी, झाकून ठेवलेली. मीठ मोजायचं होतं म्हणून मी ती मागितली. अर्धी वाटी मीठ होतं.

"हे कधी आणलं?"

"आनलं नाही. पारबतानं देलं. दसऱ्याच्या टायमाले."

मी लिहून घेतलं: मीठ, शेजारून. मला वाटलं, वाटीसारखं मीठही चालत असेल.

मॅडमना आधी आनंद झाला. "अगं, ही एकटी बसली बघ मिठाच्या नियमात!" मग त्यांनी त्याच कागदावर खाली पाहिलं. पालेभाजी नाही, फळ नाही, दूध नाही, डाळ नावापुरती. त्यांनी कागद दुमडून ठेवला.

दोन दिवसांनी हापशीवर पारबताबाई आणि सुशीला भांडी घासत होत्या. सुशीला त्यांच्या शेजारची, नवी नवी सून म्हणून आलेली, आता दोन लेकरांची आई, तरी टोलीत नवीच. मी सहज विचारलं, "दुरपतामायकडे वाटी नाही जात का?"

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

"तिची भाजी म्हंजे दवाखाना," सुशीला म्हणाली. "फिक्की फक्क."

"सांगतो न," पारबताबाईंनी तांब्या खाली ठेवला. "पोऱ्याच्या सनाच्या टायमालेच सुरू झालं. भाजी धाडे अना मीठच नाही. माह्या बुढ्यानं खाल्ली अना म्हने, मीठ टाकाले भुलली का? म्हटलं, म्हातारी झाली, भुलली असन. दुसऱ्या खेपीही तसंच. तिसऱ्या खेपीही तसंच. मंग मी का केलं? तिची वाटी मिठानं भरली अना धाडून देली. काठोकाठ! वाटी रिकामी धाडू नये म्हनते न?"

सुशीला हसत हसत पाण्यात बसायला आली. पारबताबाईही हसल्या, पण मग म्हणाल्या, "त्याच्या बादपासून तिनं वाटीच बंद केली. गंमत केली होती वो मी. एवढ्याले रागावते का कोनी?" आणि जोरात भाताची गंजी घासू लागल्या.

मी त्याच दिवशी परत दुरपतामायकडे गेले. काय विचारायचं ते नीट ठरवलं नव्हतं. म्हणून कामाचाच प्रश्न विचारला. "माय, भाजीत मीठ कमी का टाकता?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मग ट्रंकेतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आरोग्य केंद्रात मीठ कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी ते मनापासून केलं होतं. असं ऐकणारं माणूस मला या कामात क्वचितच भेटलं.

"मग शेजारी सांगितलं का नाही?"

"पारबताचं पोट्टं माह्या पोराच्याच कंपनीत आहे. आज इथं बोललं तं उद्या नागपूरले जाते. पोरगा आताच म्हनून राहिला, माय, तिथं कोन पाहते तुले, चाल इकडं. होळीले येतो म्हने न्याले." त्यांनी पट्टी परत ट्रंकेत टाकली. "चवथ्या माळ्यावर आहे त्याचं घर. दार लावून बसतेत सारे. मी तिथं काय करू वो?"

तेव्हा सगळं समोर आलं. रक्तदाब कळला तर मुलगा नेणार. भाजी नाही, अंगात ताकद नाही, हापशीवरून येताना बसावं लागतं. होळीला तो आला आणि आईला असं बसलेलं पाहिलं, तर न सांगताही नेणार. टोलीत राहण्यासाठी त्या जे लपवत होत्या, त्यामुळेच टोलीत राहता येणार नव्हतं.

आणि मी काहीच सांगू शकत नव्हते. एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा नियम. वाटी जाते, गोष्ट जात नाही. रात्री गोंदियाच्या खोलीवरून मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी ताटाचं प्रात्यक्षिक आहे. तिला बोलव. बोलायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."

पाहणी संपली की आम्ही त्या चित्रातलं ताट खऱ्या अन्नानं मांडून दाखवतो. दुरपतामायना बोलवायला गेले तर त्या म्हणाल्या, "माही भाजी कोन खाईन?"

"खायची नाही माय. मांडायची आहे."

"नुसती मांडाची?" त्यांनी विचार केला. "मंग येतो."

अंगणवाडीच्या ओसरीवर मी खडूनं मोठं गोल ताट काढलं आणि त्याचे भाग पाडले. बाया आपापली भाजी घेऊन आल्या. वांगं, वाल, आलू, पुन्हा वांगं. पारबताबाईंनी वरण आणलं, सुशीलानं भात. मी भाताच्या भागात ठेवायचा तेवढा भात ठेवला आणि बाकीचा परत दिला, तर सुशीला ओरडली, "अव माय, धानवाल्याच्या पोटाले एवढाच भात? याच्यानं तं माही कोंबडी उठनार नाही!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी म्हटलं, "भात सोडा असं कोणी म्हणत नाही. बाजूचं वाढलं की भात आपोआप सरकतो." हे मी अजूनही असंच सांगते, आणि मला ते खरं वाटतं.

पालेभाजीचा भाग रिकामा होता. पाला कुणी आणलाच नव्हता. दुरपतामाय मागे उभ्या होत्या. पदराखालची वाटी काढून त्यांनी त्या भागात ठेवली. लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. धान कापल्यावर बांध्यांत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, पेरतात, तिचा पाला या दिवसांत खुडतात. बांधीत वाकून खुडायचा म्हणजे त्यांच्यासाठी मोठं काम होतं. ताट पूर्ण झालं.

मग मिठाची पाळी आली. चहाचा चमचा सपाट भरून मी पळसाच्या पानावर मीठ ठेवलं. "एका माणसाला, अख्ख्या दिवसाला, एवढं."

"एवढं तं मी एका कैरीवर टाकतो," सुशीला म्हणाली.

तेवढ्यात पारबताबाईंनी सवयीनं बोट घालून लाखोरीची भाजी चाखली. आणि सवयीनंच बोलल्या, "घ्या! आजही भुलली."

बाया हसल्या. दुरपतामाय म्हणाल्या, "भुलली नाही."

आवाज लहान होता, पण हसू थांबलं.

"मले बीपी आहे. दवाखान्यात मीठ कमी खा म्हनलं." मग त्या पारबताबाईंकडे वळल्या. "तू वाटीभर मीठ धाडलं होतं न, तेच मी आतावरी खाऊन राहिली. सरलंच नाही."

माझा चेहरा त्या दिवशी कोरा राहिला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

पारबताबाईंचं तोंड आधी पडलं, आणि मग त्या चिडल्या. आमच्याकडे वाईट वाटलं की माणसं आधी चिडतात. "मंग सांगत काऊन नाही वो? तोंडात का गोटा होता? मी का दुश्मन आहो तुही?"

"तुह्या पोट्ट्याच्या हातून माह्या पोरापर्यंत जाते."

"माह्या पोट्ट्याच्या तोंडात मी गोटा टाकतो! पर तू सांगाचं होतं!"

मग त्या खडूच्या ताटाजवळ फतकल मारून बसल्या. भात घेतला, त्यावर लाखोरीची भाजी घेतली आणि माझ्या पळसाच्या पानावरचं, एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं मीठ चिमटीनं उचलून वर टाकलं. कालवलं, खाल्लं.

"हे पाय," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या. "झाली न बराबर. वरून टाकलं का झालं. एवढ्यासाठी वाटी बंद करते का कोनी?" मग सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "उद्यापासून माह्या घरची भाजी मीठ टाकाच्या पयले एक वाटी काहाडून ठेवीन. मंग बाकीच्यात मीठ."

"माह्याही घरची," सुशीला म्हणाली.

"तू तं आधी मीठ कमी टाकाले शीक. तुही भाजी म्हंजे समुद्र," पारबताबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू झालं. दुरपतामायही हसल्या, पदर तोंडाला लावून.

गोंदियाला परत जाताना मॅडमनी विचारलं, "तू वाढलंस तर नाही ना काही?"

"नाही मॅडम. मी फक्त ताट मांडलं."

त्यांनी स्टेशनवर मला दोन केळी घेऊन दिली. म्हणाल्या, "फळं तुझ्याही ताटात नसतात."

या कामात एक गोष्ट मनाला लागून राहते. आम्ही विचारतो, लिहितो आणि निघून येतो. पुढं काय झालं ते बहुतेक वेळा कळत नाही. त्या धाब्यावरच्या ट्रकचालकांनी देवरीचा पराठा कमी केला का, गुरुजींचे अपवाद कमी झाले का, मला माहीत नाही. पण ऋतू बदलला की खाणं बदलतं, म्हणून काही गावांत उन्हाळ्यात पुन्हा जावं लागतं. माझ्या नशिबानं त्यात ही टोली होती.

मोहफुलं वेचून संपत आली होती. मी दुरपतामायच्या घराकडे निघाले तेव्हा त्या हापशीवरून गुंड घेऊन येत होत्या. चिंचेजवळ मी थांबून पाहिलं. त्या बसल्या नाहीत. मला पाहून म्हणाल्या, "उनात काऊन उभी राहिली? चाल घरात."

मी मुलाचं विचारलं.

"आला होता होळीले. दोन दिवस राहिला अना गेला."

"तुम्हाला नाही नेलं?"

"बीपीचं सांगितलं मी त्याले. बोंबलला थोडा. मंग दोन दिवस घरी वाट्या येताना पाह्यल्या त्यानं. जाताना म्हने, माय, तू तं जाड झाली." हे सांगताना त्यांच्या आवाजात जी ऐट होती, ती मला कागदावर लिहिता आली नसती.

मी माझा पेला, चमचे, काटा काढला. नेहमीसारखं सुरू केलं.

"काल सकाळी काय खाल्लं, माय?"

"भात अना सुशीलाचा मुंगना." मुंगना म्हणजे शेवगा.

"दुपारी?"

"पारबताचं वरन. कोपऱ्यावरच्या घरातलीनं कैरीची चटनी देली होती."

"रात्री?"

"सकारचा मुंगना होता, अना पारबताची मासोळी. मीठ टाकाच्या पयलेची."

त्या बायांची नावं सांगत होत्या, आणि मी पदार्थ लिहून घेत होते. फळीवर एकही वाटी पालथी नव्हती. मिठाची मोठी वाटी मात्र तिथंच होती, झाकलेली, काठाच्या थोडं खाली भरलेली.

"हे मीठ अजून तेच?" मला आश्चर्य वाटलं.

"ते तं कवाचंच सरलं. हे दुसरं." त्यांनी चुलीवरची भाजी वाटीत काढली. "सरलं म्हटलं तं पारबतानंच आनखी भरून आनलं. म्हने, माह्याच घरी वापस येते, मले का तोटा आहे?"

मला कळलं नाही. त्यांनी पळसाचं पान घेतलं, त्यावर झाकलेल्या वाटीतलं चिमूटभर मीठ ठेवलं, पानाची पुडी केली आणि भाजीच्या वाटीवर ठेवली. मग कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवली. मी मापाचा पेला घेऊन तयार होते. अजून किती खाल्लं ते विचारायचं बाकी होतं.

"उठ वो," दुरपतामाय म्हणाल्या. "भाजी थंडी होऊन राहिली. पारबताले देऊन येऊ, मंग विचारजो काय विचाराचं ते."

मी पेन मिटलं आणि वाटी धरायला हात पुढं केला. त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही; आपली वाटी आपल्याच हातात धरून त्या पुढं निघाल्या.